लॅपटॉपला बाहेरून जोडावयाचे ग्राफिक्स कार्ड

संगणकाच्या पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आडवे १९२० व उभे १०८० ठिपके धरले, तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके होतात, आणि सेकंदास ६० चित्रे दाखवावयाची म्हणजे बारा कोटींहून अधिक ठिपके रंगवावे लागतात! या कामासाठी निराळा प्रक्रियक असलेले जे साधन, तेच ग्राफिक्स कार्ड. मोठे कार्ड लॅपटॉपमध्ये मावत नाही. त्यास लागणारी वीज व त्याची उष्णताही लॅपटॉपला पेलत नाही. यास्तव ते स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या पेटीत बसवून केबलने जोडतात. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्‌स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीवर ही जोडणी कशी होते, ते पाहू.

प्रथम लॅपटॉपचे पोर्ट तपासावे. केवळ यूएसबी-सी आकार असून भागत नाही. त्यात थंडरबोल्टची सोय आहे की नाही, हे माहितीपुस्तिकेत पाहावे.

दुसरी पायरी परवानगीची. थंडरबोल्टने जोडलेले उपकरण प्रक्रियकास मध्ये न घेता संगणकाच्या स्मृतीत थेट वाचन-लेखन करू शकते. यामुळे वेग मिळतो; परंतु कोणी दुष्ट हेतूने बनविलेले उपकरण जोडले, तर आपली गुप्त माहितीही त्याच्या हाती लागू शकते. म्हणून २०१७ साली लिनक्सच्या कर्नेलमध्ये अशा उपकरणास अनुमती देण्या-नाकारण्याची सोय आली. ‘बोल्ट’ नावाचा प्रोग्राम ओळखीच्या उपकरणांची नोंद ठेवतो. अनोळखी उपकरणास अनुमती देऊ नये, हे सांगणे नलगे.

यानंतर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी. उपकरणांच्या यादीत कार्डाचे नाव दिसले नाही, तर दोष बहुधा केबल, वीज वा परवानगी यांत असतो. तेथे ड्रायव्हर पुनःपुन्हा बसविणे व्यर्थ होय. नाव दिसूनही काम होत नसेल, तरच ड्रायव्हरकडे वळावे. एएमडी कार्डांचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतो. एनव्हिडिया कार्डांसाठी सामान्यतः तो निराळा बसवावा लागतो. शेवटी कोणता प्रोग्राम बाहेरील कार्डावर चालवावयाचा, तेही सांगावे लागते. नाही तर काम आतल्याच प्रक्रियकावर होत राहते. काम चालू असता केबल मात्र कधीही उपटू नये.

आता मर्यादेविषयी. मोठ्या संगणकात कार्डासाठी सामान्यतः १६ पदरी मार्ग असतो. थंडरबोल्ट ३ मध्ये तो फार तर ४ पदरी मिळतो. त्यामुळे तेच कार्ड येथे काहीसे मंद चालते. त्यातही पडदा लॅपटॉपचाच वापरला, तर तयार चित्र पुन्हा त्याच केबलने परतते. निराळा पडदा थेट कार्डास जोडल्यास हा भार वाचतो.

पेटी व कार्ड यांचा खर्च अल्प नाही. म्हणून खरेदीपूर्वी घरातील मंडळींनी पोर्ट, वीज व आपले नेमके काम या तिन्हींचा विचार अवश्य करावा.