पेट्रोल हॉट हॅच मोटारींचे भवितव्य : एक विवेचन

कौटुंबिक हॅचबॅक मोटारीस शक्तिशाली इंजिनाची जोड दिली असता 'हॉट हॅच' निर्माण होते. १९७६ साली विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने हा प्रकार युरोपात लोकप्रिय केला. ११० अश्वशक्ती व जेमतेम ८१० किलो वजन हे तिच्या चपळाईचे मर्म होय. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाने २०३५ पासून नव्या मोटारींचे कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ठरविले. डिसेंबर २०२५ मध्ये ही घट ९० टक्क्यांपर्यंत शिथिल करण्याचा प्रस्ताव आला. म्हणजेच पेट्रोल इंजिनास मुदत वाढू शकते, अभय मिळत नाही. विद्युत मोटारीस वेग सहज साधतो. मात्र बॅटरीमुळे वजन वाढते. ह्युंदाई आयोनिक ५ एन दोन टनांहून जड असून तीत गिअर बदलल्याचा आभासही कृत्रिमरीत्या निर्माण केला जातो. सारांश, खरा प्रश्न वेगाचा नसून हलकेपणाचा आहे. बॅटरी हलकी झाली, तरच ही परंपरा पेट्रोलविना टिकेल.