अर्ध्या तिकिटाचा हिशेब

आंब्याहून मलकापुरास येणाऱ्या एस. टी. गाडींत परवां माझ्या शेजारीं एक निवृत्त सद्गृहस्थ बसले होते. वाहकानें पुढच्या बाकांवरील स्त्रियांना अर्धीं तिकिटें दिलीं, तेव्हां ते मजकडे झुकून म्हणाले, "मास्तर, हा सारा आपल्या करांतला पैसा बरें!" मींहि मान डोलाविली, खोटें कशाला बोला? इतक्यांत वाहक आमच्यापाशीं आला आणि आम्हीं दोघांनीं आपापलीं ओळखपत्रें पुढें केलीं. पासष्टी उलटलेल्यांस अर्धेंच भाडें पडतें! त्या क्षणीं मात्र सरकारी तिजोरीची आठवण आम्हां दोघांपैकीं एकासहि झाली नाहीं.

स्त्रियांची सवलत मार्च २०२३ पासूनची. आमची त्याहून जुनी, म्हणून ती आम्हांस हक्काची वाटते, इतकेंच.

सार्वजनिक खर्चाचा हिशेब मागूं नये असें माझें म्हणणें नाहीं. तो अवश्य मागावा. पण आपलाहि मांडावा. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुले यांनीं स्पष्ट सांगितलें होतें कीं, महसूल रयतेच्या श्रमांतून जमतो आणि शिक्षणावरचा खर्च वरिष्ठ वर्गांच्या वांट्यास जातो. आपल्या आजे-पणजांच्या पदव्या त्याच खर्चांतल्या, हें आपल्या घरांत कितीजण बोलून दाखवितात? पुढें १९११ सालीं नामदार गोखल्यांनीं सक्तीच्या शिक्षणाचें विधेयक आणलें; त्यांत शिक्षणपट्टीची तरतूद होती. १९१२ सालीं तें फेटाळलें गेलें. आमच्या करवीर संस्थानांत मात्र शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचें केलें.

मीहि निर्दोष नाहीं. १९७५ च्या कायद्यान्वयें व्यवसायकर बसला, तो रोजगार हमी योजनेसाठीं. माझ्या पगारांतून तो कापला जाई आणि मी दरमहा कुरकुरत असें. भात कापून झालें कीं कामाअभावीं मुंबईची वाट धरणारे आमच्याच तालुक्यांतील लोक मला रोज दिसत. पण त्या कराचा आणि त्यांचा संबंध जोडण्याचें सुचलें नाहीं!

मलकापुरीं उतरतांना समोरच्या बाकावरील बाईस सहज विचारलें. सासूला दवाखान्यांत दाखवावयास ती आली होती. पूर्वीं म्हातारीला एकटीच गाडींत बसवून देत असे. आतां स्वतः सोबत येते. सासूबाई पंचाहत्तरीपुढच्या, त्यांना तिकीटच नव्हतें. माझे शेजारी हें ऐकत होते. त्यांनीं कांहीं न बोलतां म्हातारीची पिशवी खालीं उतरवून दिली.