परदेशी कायद्यांचा अभ्यास आणि अर्न्स्ट राबेल

एका व्यापाऱ्याने परमुलखातील दुसऱ्यास टपालाने मालाचा भाव कळवावा, त्याने मंजुरीचे उत्तर टपालात टाकावे, आणि ते उत्तर वाटेत असतानाच पहिल्याने भाव मागे घेतल्याची तार करावी, तर करार झाला की नाही? इंग्रजी न्यायालये म्हणतात की उत्तर टपालात पडले त्याच क्षणी करार पुरा झाला. जर्मन दिवाणी संहितेप्रमाणे उत्तर हाती पोहोचल्यावाचून करार होत नाही. संहितेची कलमे आणि इंग्रजी निवाडे शेजारी ठेवून वाचणारा, हे दोन कायदे परस्परविरोधी आहेत, असे लिहून मोकळा होईल. वस्तुतः जर्मन कायद्यात भाव कळविणारा, त्याने तशी मोकळीक राखली नसेल तर, वाजवी मुदतीपर्यंत आपल्या शब्दाला मुळातच बांधलेला असतो. त्यामुळे त्याची ती तार तेथेही निष्फळच ठरते. विश्वासाने होकार देणाऱ्याचे संरक्षण दोन्हीकडे झाले. मार्ग तेवढे भिन्न. आपल्या १८७२ च्या करार अधिनियमानेही भाव कळविणाऱ्यास उत्तर टपालात पडताच बांधले आहे; मात्र उत्तर देणाऱ्यास ते पोहोचेपर्यंत आपला होकार फिरविण्याची मुभा ठेवली आहे.

कलमाशी कलम न ताडता, समाजापुढील अडचण कोणती आणि प्रत्येक देशाचा कायदा, न्यायालये व वहिवाट मिळून तिचे निवारण कसे करतात, हे पाहण्याची शिस्त ज्यांनी घालून दिली, त्यांत व्हिएन्नात १८७४ साली जन्मलेल्या अर्न्स्ट राबेल यांचे स्थान फार वरचे आहे. १९२६ साली बर्लिनच्या राजवाड्यात परदेशी व आंतरराष्ट्रीय खाजगी कायद्याची जी संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक. मालाच्या खरेदीविक्रीचा सर्व देशांना मानवेल असा एकच कायदा करावा, ही सूचना त्यांनी रोम येथील खाजगी कायद्याच्या एकीकरणाच्या संस्थेपुढे मांडली, आणि तिच्या पुष्ट्यर्थ लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला खंड १९३६ साली प्रसिद्ध केला. परंतु ते ज्यू वंशाचे असल्यामुळे नाझी अमदानीत त्यांचे अध्यापनाचे आसन आणि मागाहून संचालकपदही गेले. १९३९ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकेची वाट धरली. निवृत्तीच्या वयात परक्या भाषेत, परक्या न्यायपद्धतीच्या देशात, मिशिगन विद्यापीठाच्या विधिविद्यालयाच्या आश्रयाने त्यांनी निरनिराळ्या देशांच्या कायद्यांतील संघर्षावर इंग्रजीत बहुखंडी ग्रंथ रचला. त्याचा पहिला खंड १९४५ साली निघाला. राज्यसत्तेने ज्याला हाकलून दिले, त्याच्या विद्येची निगा एका विद्यापीठाने राखली, याबद्दल त्या विद्यालयाविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

१९५५ साली राबेल वारले. खरेदीविक्रीवरील ग्रंथाचा दुसरा खंड १९५८ साली निघाला. अडचणीपासून सुरुवात करण्याची हीच शिस्त पाळून कॉर्नेल विद्यापीठात रुडॉल्फ श्लेसिंगर यांनी अनेक देशांचे विद्वान जमवून, प्रत्येकापुढे कायद्याच्या संज्ञा न ठेवता प्रत्यक्ष घटनाप्रसंग ठेवले, आणि सुमारे दहा वर्षांच्या श्रमांचे फळ १९६८ साली दोन खंडांत प्रकाशित केले. राबेल यांनी सुचविलेल्या एकाच कायद्याच्या दिशेने पुढे १९८० साली व्हिएन्नात मालविक्रीचा आंतरराष्ट्रीय करारनामा संमत झाला. होकार टपालात टाकला की भाव मागे घेता येत नाही, भावाला मुदत घातली असेल तर ती संपेपर्यंत तो फिरवता येत नाही, आणि करार मात्र होकार पोहोचल्यावरच पुरा होतो, अशी त्यात तरतूद आहे. इंग्रज आणि जर्मन या दोन्ही परंपरा तीत नांदतात. भारत त्या करारनाम्यात अद्याप सामील नाही.

आपल्याकडे या अभ्यासाला सामग्रीची वाण नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचा अंमल कौटुंबिक बाबतीत अजून चालू असल्याने, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते व निम्मा वाटा पत्नीचा स्वतःचाच असतो. सीमेपलीकडे सावंतवाडीत हिंदू विधवेला हिस्सा मिळतो तो १९५६ च्या अधिनियमान्वये, पतीची वारस म्हणून. दोन्हीकडच्या विधवेच्या पदरात अखेर किती पडते आणि ते मिळविण्यास तिला कोणकोणत्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, याची दफ्तरे तपासून मांडणी करणे आपल्या विधिमहाविद्यालयांच्या आवाक्यातले काम आहे.