माळाला खड्डे नकोत, नोंदवही हवी

जुलै उजाडला की महाराष्ट्रातल्या गावोगावी निसर्गाच्या नावाने एकच कार्यक्रम होतो, तो वृक्षारोपणाचा. 2016 मध्ये राज्याने एका दिवसात दोन कोटी रोपं लावण्याचं लक्ष्य ठेवलं. पुढच्या वर्षी ते चार कोटींवर गेलं, मग तेरा आणि 2019 मध्ये तेहतीस कोटींवर. शाळा, पतसंस्था, तरुण मंडळं, देवस्थानं असे सगळेच यात मनापासून उतरतात आणि त्या तळमळीविषयी शंका घेण्याचं कारण नाही. प्रश्न आहे तो खड्डे कुठे पडतात याचा. आपल्या राहाता तालुक्याचंच पाहा. इथे गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांनी भिजणारी काळी जमीन ऊस, पेरू आणि द्राक्षांनी कधीच व्यापली. 1950 मध्ये लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यावर तर या भागाचं रूपच पालटलं. तिथे कुणी रोपासाठी जागा देत नाही. उरतं ते गायरान, वनखात्याचे तुकडे आणि केलवड, कोऱ्हाळे या बाजूचा मुरमाड माळ. 'इथे काहीच नाही' असं धरून खड्डे नेमके तिथेच खणले जातात. माझं म्हणणं असं की तिथे खूप काही आहे आणि ते राखायचं असेल तर गावाच्या निसर्गकार्याची सुरुवात कुदळीऐवजी मोजणीने व्हायला हवी.

'हा माळ म्हणजे तुटलेलं जंगल' ही समजूत आधी तपासू. पूर्वी इथे दाट रान होतं, माणसाने ते तोडलं, म्हणून झाडं लावणं म्हणजे जुनं ऋण फेडणं, असं बहुतेकांना वाटतं. या समजुतीचा पडताळा गोदावरीच्या गाळात घेता येतो. ही नदी राहाता तालुक्यात पुणतांब्यावरून जाते आणि दख्खनच्या पठारावरची माती, पालापाचोळा घेऊन बंगालच्या उपसागरात टाकते. पानांवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो समुद्रतळाच्या गाळात हजारो वर्षं टिकतो. झाडं आणि उन्हाळी हवेत वाढणारी गवतं हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात, त्यामुळे त्या मेणातल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण पाहून त्या काळी पठारावर झाडोरा जास्त होता की गवत, हे ओळखता येतं. गोदावरीच्या मुखासमोरून काढलेल्या अशा गाळाचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसतं की सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून पठार कोरडं पडत गेलं, कोरड्या हवेला सरावलेल्या वनस्पती वाढत गेल्या आणि हा बदल सुमारे 1,700 वर्षांपूर्वीपर्यंत चालू राहिला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वर्षाला जेमतेम 500 मिलीमीटरच्या आसपास पावसात, गवत आणि विरळ काटेरी झुडपं असणं हा इथल्या हवामानाचा स्वाभाविक परिणाम आहे.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. त्याच काळात इथे शेतकरीही होते. प्रवरेकाठी श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद, संगमनेरजवळचं जोर्वे ही साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची गावं उत्खननात सापडली आहेत. मग झाडं त्यांनीच तोडली नसतील कशावरून? काही प्रमाणात तोडली असतीलच. पण नदीकाठच्या तुरळक वस्त्यांनी एवढ्या मोठ्या खोऱ्याचा हिरवा पोत बदलला, हे पटणं अवघड आहे. शिवाय दुसरा, अगदी वेगळ्या वाटेने आलेला पुरावाही त्याच दिशेला बोट दाखवतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी साहित्यातून आणि मौखिक परंपरेतून पश्चिम महाराष्ट्रातल्या रानटी वनस्पतींचे उल्लेख वेचले. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात 44 जातींची नोंद आहे आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश जाती उघड्या, गवताळ रानाच्या खुणा सांगणाऱ्या आहेत. म्हणजे या साहित्याचा काळ पाहता किमान साडेसातशे वर्षं, इंग्रजांच्या कुऱ्हाडीआधी आणि रेल्वेच्या स्लीपरांआधी, माळ हा माळच होता. द्वीपकल्पीय भारताच्या अशा उघड्या रानांपुरत्याच सापडणाऱ्या, जगात इतरत्र कुठेही न उगवणाऱ्या दोनशेहून अधिक वनस्पती आहेत. चार-दोन शतकांपूर्वी जंगल तोडून तयार झालेल्या जमिनीवर इतक्या खास जाती घडून येत नाहीत.

आणि काय नसतं या माळावर? पावसाळ्यात पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी गवतं एकमेकांत मिसळून उठतात. मधूनमधून तरवड, बोराटी, हेकळ, हिवर. त्या गवतात चंडोल आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, कारण त्यांना दूरवरचा शत्रू दिसावा लागतो. दिवाळीच्या सुमारास भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, तेही मध्य आशियातल्या झुडपी गवताळ मैदानांतून. कझाकस्तानातलं त्यांचं विणीचं रान आणि दख्खनचा माळ, दोन्ही कमी पावसाची, उघडी, गवताची. भोवत्या झाडावर वस्ती करत नाही, गवतातच जमिनीवर रात्र काढतो. नाकतोड्यांवर जगणाऱ्या या पाहुण्याचा शेजारच्या ज्वारी-हरभऱ्याला फायदाच होतो. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा होता. त्यात उघड्या रानावर अवलंबून असलेल्या पक्ष्यांची घट ठळकपणे दिसली. हे कळलं ते साध्या माणसांनी वही-पेन्सिल आणि फोन घेऊन केलेल्या मोजणीमुळेच.

अशा मोजणीने काय साधतं आणि चुकीच्या लागवडीने काय बिघडतं, हे दोन्ही सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये पाहायला मिळालं. दुष्काळी कामांतून राखलेल्या गवताच्या कुरणांवर माळढोक वावरतो, हे 1970 च्या दशकात बी. एस. कुलकर्णी या सोलापूरच्या पक्षिनिरीक्षकांनी लोकांसमोर आणलं. 1979 मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आपल्या, जिल्ह्यात मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं. पण त्याच टापूत ग्लिरिसिडियासारखी झपाट्याने वाढणारी परदेशी झाडं लावली गेली. ज्या पक्ष्याला क्षितिजापर्यंत नजर हवी, त्याच्यासमोर भिंत उभी राहिली. माळढोक कमी होण्याची कारणं अनेक आहेत, शिकार, विजेच्या तारा, शेतीचा विस्तार. त्यांत ही लागवडही आहे आणि ती संवर्धनाच्या नावानेच झाली, म्हणून अधिक सलते. आपल्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्याशा जागेत गवत आणि झाडी यांचा तोल थोडा जरी ढळला तरी काळविटाला चरायला बाहेरच्या शेतांत जावं लागणार.

झाडं कार्बन शोषतात, मग तापत्या पृथ्वीवर ती लावायला विरोध कसा, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. विरोध झाडाला नाही. रस्त्याकडेला, बांधावर, शाळेच्या आवारात, वस्तीभोवती लिंब, वड, चिंच हवेतच आणि राहात्यात त्यांना जागाही भरपूर आहे. पण गवताळ रानाचा कार्बन बहुतांशी जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला, दुष्काळ पडला तरी तो तिथे राहतो. खड्डे खणून, माती उलथून आपण आधी तोच साठा मोडतो आणि पाण्याविना बरीच रोपं उन्हाळ्यात वाळतात. 2019 मध्ये जगभर झाडं लावून किती कार्बन साठेल याचा एक गाजलेला अंदाज आला. त्यावर चाळीसहून अधिक शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं की तो सुमारे पाचपट फुगवलेला आहे, कारण त्यात गवताळ प्रदेशही झाडांसाठी मोकळे धरले होते. हिमाचल प्रदेशातल्या अनेक दशकांच्या सरकारी लागवडीचा अभ्यास 2021 मध्ये झाला, तेव्हा वनाच्छादनात लक्षात येण्याजोगी वाढ आढळली नाही, उलट गावकऱ्यांच्या उपयोगाच्या झाडांचं प्रमाण घटलं होतं.

दुसरा आक्षेप शेळ्या-मेंढ्यांचा: माळ असाच ठेवला तर चरून उजाड होईल. यात तथ्य आहे. वर्षभर, मोकाट, एकाच जागी चराई झाली की पवन्यासारखी चांगली गवतं आधी जातात आणि कुसळी तेवढी उरते. पण उपाय आपल्या जिल्ह्यानेच दाखवला आहे. हिवरे बाजार या गावाने 1990 नंतर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली आणि गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. चाऱ्याचं उत्पन्न वाढलं आणि त्यामागे दूधही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मारवेलसारख्या गवतांवर अनेक वर्षं संशोधन चालतं, म्हणजे बियाणं आणि सल्ला दोन्ही हाकेच्या अंतरावर आहे. मात्र चराईबंदी सरसकट आणि कायमची केली तर तिचा भार मेंढपाळावर पडतो, ज्याच्याकडे स्वतःची जमीन नसते, हे हिवरे बाजारचं कौतुक करताना विसरलं जातं. मला अधिक न्याय्य वाटतं ते पाळीपाळीने विसावा देणं: गायरानाचे तीन-चार भाग करावेत, एका भागात बी झडेपर्यंत कुणीही जनावर घालू नये, पुढच्या वर्षी दुसरा भाग राखावा. धनगरांना आणि संगमनेरी शेळी पाळणाऱ्या बायांना या बैठकीत पहिल्या रांगेत बसवावं, कारण कोणतं गवत कुठे आणि कधी येतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

माळ राखला तर बिबटे वाढतील, ही भीती सध्या या भागात खरी आणि जिवाची आहे, तिला हसण्यावारी नेता येत नाही. पण बिबट्याचं घर कुठे आहे ते पाहिलं पाहिजे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या शेतशिवारात केलेल्या अभ्यासात दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आढळले आणि त्यांचं खाणं मुख्यतः कुत्री आणि इतर पाळीव जनावरं हेच होतं. त्यांना आडोसा देतो तो ऊस. उघड्या, आखूड गवताच्या माळावर बिबट्याला लपायला जागा नाही. तिथला शिकारी लांडगा आहे आणि 2022 च्या अंदाजानुसार साऱ्या भारतात तो सुमारे 3,100 च उरला आहे. उलट माळावर दाट लागवड केली तर आपणच बिबट्याला नवा आडोसा करून देऊ.

आता वेळेचा मुद्दा. 1970 पासून रखडलेल्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण 26 ऑक्टोबर 2023 रोजी झालं. 182 गावांना पाणी मिळायचं आहे, त्यांत राहात्याची कोरडवाहू गावं आहेत. तीन पिढ्या वाट पाहिलेल्या शेतकऱ्याने आपल्या बरड रानात पाणी आल्यावर काय पिकवावं हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण गायरान आणि वनजमीन सार्वजनिक आहे आणि पाटाचं पाणी पोचताच तिच्यावर अतिक्रमण, सौर पॅनल, लागवड, बांधकाम या सगळ्यांची नजर जाईल. त्याआधी गावाच्या हातात नोंद हवी. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक ठिकाणी ती बाहेरच्या माणसाने चार दिवसांत भरून कपाटात ठेवलेली असते. ती पुन्हा उघडून भरणं हेच शाळा-महाविद्यालयांचं आणि मंडळांचं निसर्गकार्य व्हावं: सप्टेंबरअखेरीस गवतं फुलावर असताना त्यांची ओळख, हिवाळ्यात संध्याकाळी भोवत्यांच्या रात्रवस्तीची मोजणी, फेब्रुवारीत देशभर होणाऱ्या पक्षिगणनेत गावाच्या माळाची नोंद, एप्रिल-मेमध्ये टिटवीची घरटी आणि लांडग्याच्या खुणा, तीही घरटी न हाताळता आणि पिलं असलेल्या गुहेची जागा जाहीर न करता. गट क्रमांकासह ही नोंद ग्रामसभेत मंजूर झाली की पुढच्या जुलैत रोपांची गाडी आल्यावर कोणत्या गटात खड्डे खणायचे आणि कोणत्या गटात नाहीत, हे सरपंचाला कागद दाखवून सांगता येईल.