टेकडीतून जाणारा रस्ता

पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरील बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत लॉ कॉलेज टेकडीवरून सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता न्यायचा, हा महापालिकेचा जुना प्रस्ताव. लॉ कॉलेज रस्त्याची कोंडी फुटेल, हे त्यामागचं कारण. ही कोंडी खरी आहे. तिथे राहणाऱ्यांच्या घरात दिवसभर धूर आणि हॉर्न शिरतात, त्यामुळे त्यांची तक्रार केवळ 'विकासवादी' म्हणून झटकणं अन्यायाचं ठरेल. प्रश्न एवढाच, की नवा रस्ता त्यांना सुटका देईल का? अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच मांडलं होतं, की शहरात गर्दीच्या वेळची वाहतूक नव्या द्रुतगती मार्गाची क्षमता भरेपर्यंत वाढते. इतर वाटांनी, इतर वेळी किंवा बसने जाणारे तिकडे वळतात. मग जुन्या रस्त्याला मिळालेला दिलासा फार टिकत नाही.

टेकडीचं नुकसान मात्र कायमचं. तिच्या उतारावर पाऊस खडकाच्या भेगांतून जमिनीत मुरतो, पायथ्याच्या वस्त्यांना मोकळी हवा मिळते. उन्नत मार्ग केला तर झाडं वाचतील, असं म्हणतात. पण खांबांसाठीही खोदावं लागतं, यंत्रांसाठी वाट करावी लागते आणि आवाज तर उंचावरून अधिक दूर जातो. एप्रिल 2023 मध्ये याच रांगेतली वेताळ टेकडी वाचवण्याची मागणी करत पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. लॉ कॉलेज रस्त्याच्या रहिवाशांनाही त्या मागणीत जागा आहे: आधी भरपूर बस, चालता येईल असे पदपथ आणि पार्किंगला शिस्त. टेकडीला हात लावण्याआधी महापालिकेने हे उपाय नेटाने राबवावेत.