विश्लेषण : कसाऱ्यात कॉम्प्युटरचे टेबल मांडायचे तर…

कसारा हे मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावरचे नाशिकच्या दिशेचे शेवटचे स्थानक. सीएसएमटीपासून सुमारे १२१ किलोमीटर. लोकलने जवळपास अडीच तास, येऊन-जाऊन पाच. आठवड्यातले दोन दिवस जरी घरून काम करता आले, तरी इथल्या माणसाचे दहा तास वाचतात. म्हणूनच अलीकडे घरात एक टेबल, एक खुर्ची आणि एक लॅपटॉप अशी मांडणी करण्याची धडपड दिसते. मात्र मोबाइलवर दिसणारे ‘सेटअप’चे व्हिडीओ रंगीत दिव्यांपासून आणि वक्राकार मॉनिटरपासून सुरू होतात. घाटाच्या पायथ्याशी सुरुवात बॅटरीपासून करावी लागते. मी भाषांतराचे काम करतो. पुढचे बरेचसे शहाणपण नुकसान सोसून आलेले आहे.

टेबल कुठे ठेवायचे?

जिथे रेंज येते तिथे. फोन हातात घेऊन घरभर फिरावे, सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा स्पीड टेस्ट करावी. डोंगराच्या आडोशाला असलेल्या घरात दोन खिडक्यांमध्येही जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फायबर जोडणी मिळत असेल तर प्रश्नच मिटला. काचेच्या तारेतून वीज वाहत नसल्याने पावसाळ्याआधीच्या कडकडाटात ती तांब्याच्या तारेपेक्षा सुरक्षितही असते. राउटरचा अडॅप्टर मात्र विजेवरच चालतो, तो ढग गडगडू लागले की काढावा.

टेबलाआधी अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा कॉम्प्युटरचा नसतो, भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगच जोडलेले नसते. वायरमनला बोलवून हे काम आधी करून घेतले, की पुढचे सगळे सामान जास्त टिकते.

वीज गेल्यावर किती वेळ मिळतो?

डेस्कटॉपसाठी मिळणाऱ्या ६०० व्हीएच्या लहान यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॉट-तास. त्यातली निम्मीच ऊर्जा प्रत्यक्ष हाती लागते असे धरावे. १२० वॉट खेचणारा डेस्कटॉप त्यावर वीसेक मिनिटे चालेल, बॅटरी जुनी झाली की तेवढाही नाही. म्हणजे यूपीएस फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता. त्यावर काम रेटण्याचा मोह मला एकदा महागात पडला. दुपारभर केलेली पंधरा पाने गेली आणि रात्र जागून ती पुन्हा करावी लागली.

घरच्या १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीचे गणित वेगळे. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास. त्यातले अकराशे-बाराशे कामी येतात. लॅपटॉप ५० वॉट, राउटर १०, पंखा ७० असे १३० वॉट धरले, तर आठ-नऊ तास निघतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : इथे लॅपटॉपच घ्यावा. वीज खेळखंडोबा करू लागली तरी त्याची स्वतःची बॅटरी मधला झटका पचवते. डेस्कटॉप असलाच, तर इन्व्हर्टरच्या मागचे बटण ‘यूपीएस मोड’वर आहे ना हे पाहावे. नाहीतर वीज गेल्या-आल्यावर तो दर वेळी नव्याने सुरू होतो आणि दोष हार्ड डिस्कला दिला जातो.

पावसाचे काय?

जून ते सप्टेंबर घरातल्या कपड्यांनाही वास येतो, तिथे यंत्राची काय कथा. रोज वापरात असलेला लॅपटॉप आपल्याच उष्णतेने कोरडा राहतो. बिघडतो तो कपाटात ठेवलेला. पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. उबेसाठी मुंग्या राउटरमध्ये घर करतात, तेव्हा तो जमिनीवर ठेवू नये. वायरींचे उंदरांपासून रक्षण हा विषय व्हिडीओवाल्यांना ठाऊक नसतो. पीव्हीसी पट्टीतून वायर नेणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

मराठी टंकलेखनाचा गोंधळ कशामुळे?

खरी डोकेदुखी इथे आहे. जुन्या काळी श्रीलिपी, ‘सी-डॅक’चे आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर मराठी मजकूर तयार होई. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचे फक्त चित्र दिसते, फाइलमध्ये साठवलेला असतो दुसऱ्याच अक्षराचा संकेत. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर ठराव, अर्ज, यादी उघडली की अगम्य चिन्हांचा कचरा दिसतो, आणि यादीत स्वतःचे नाव शोधले तर सापडत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो मजकूर सगळीकडे तसाच राहतो आणि शोधताही येतो. जुन्या फाइलचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यानंतर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात. चुका तिथेच होतात.

कीबोर्ड कोणता? विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आला आहे. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे टाइप केले की मराठी शब्द उमटतो. चार ओळींच्या अर्जाला तो पुरे. रोज पाने लिहायची असतील तर इनस्क्रिप्ट शिकावा. डाव्या हाताला बहुतेक स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘कसारा’ लिहायला के, एम, ई, जे, ई या पाच कळा पुरतात. महाप्राण अक्षर हवे तर शिफ्ट : ‘क’चा ‘ख’, ‘ग’चा ‘घ’. पंधरा-वीस दिवस बोटे अडखळतात, मग मन मागे पडते आणि बोटे पुढे जातात.

शिफ्टसह जे दाबले की ‘ऱ’ मिळतो. तो न वापरता साधा ‘र’ जोडला तर घाटातल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात, म्हणजे डोंगर उतरून थेट समुद्र. या लेखाच्या मथळ्यातल्या गावाच्या नावालाही हाच धोका आहे.

पैसे कुठे घालावेत?

एसएसडी आणि ८ जीबी रॅम असलेला, कार्यालयांतून बाहेर पडलेला जुना लॅपटॉप भाषांतर, हिशेब, ऑनलाइन अर्ज यांना पुरतो. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. विक्रेता ‘चालतंय की’ म्हणाला तरी हे विचारून घ्यावे. अशा यंत्रावर लिनक्स मिंट बसते, लिब्रे ऑफिस त्यात येतेच, आणि दोन्ही मोफत. फॉन्टमध्ये मुक्त आणि नोटो सान्स देवनागरी हेही मोफत आहेत. वाचलेले पैसे खुर्चीत घालावेत. जेवणाच्या खुर्चीवर बसून काढलेल्या दोन वर्षांचा हिशेब माझी कंबर अजून मागते.

प्रती तीन ठेवतो. एक लॅपटॉपवर, एक क्लाउडवर. तिसरी हार्ड डिस्कवर, आणि ती महिन्यातून एकदा लोकलने कल्याणला बहिणीकडे जाते.