रद्दीतला चिंटू

सकाळी साडेनऊ. औरंगपुऱ्यातल्या दुकानाचं शटर वर केलं की आधी काटा पुसतो. हातगाडीवाला पहिली फेरी घेऊन उभाच असतो. इंग्रजी पेपर वेगळे, मराठी वेगळे. इंग्रजीला भाव चढा. जुनी पुस्तकं मात्र आतल्या फळीवर जातात. खरा धंदा त्यांचा. रद्दीवर फक्त भाडं निघतं.

साडेदहा. गारखेड्यातल्या एका घरचा माळा रिकामा झालाय. कुटुंब पुण्याहून बदलीवर आलेलं, म्हणून गठ्ठ्यात पिवळे पडलेले ‘सकाळ’. अंक उलगडला तर पानाला आडवी खिडकी, कात्रीने सरळ कापलेली. पुढच्या अंकालाही. एका पानामागची निधनवार्ता त्या खिडकीपायी अर्धीच उरलीय. गेलेल्याचं नाव आहे, गाव नाही. या खिडक्यांत चित्रपट्टीतला चिंटू होता. गठ्ठ्याच्या तळाशी वही सापडली. डिंकाने चिकटवलेल्या पट्ट्यांनी टम्म फुगलेली.

अकरा ते एक नुसता काटा. पुड्यांना कागद नेणारे, पुठ्ठेवाले, सुतळी संपली म्हणून ओरडणारा पोऱ्या.

दीड. डबा उघडला आणि वहीही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू ‘सकाळ’मध्ये आला २१ नोव्हेंबर १९९१ रोजी. तीन-चार चौकटी, दोन-तीन वाक्यं, की संपलं. अमेरिकेतला कॅल्विन त्याच्याआधी सहा वर्षं, १९८५ च्या नोव्हेंबरातच पेपरात आला होता. पण कॅल्विनचा जिवाभावाचा मित्र म्हणजे कापडी वाघ. आपल्या चिंटूला पप्पू, मिनी, बगळ्या अशी अख्खी गँग, शिवाय ओरडायला जोशीकाकू. एकटं पोर आपल्याकडे कुणी राहू देतं का! मला वाटतं, चिंटू टिकला तो या गलक्यामुळे. त्यात ना मंत्री, ना निवडणूक, त्यामुळे शिळा होत नाही. व्यंगचित्र म्हटलं की ‘मार्मिक’चे फटकारे आठवणाऱ्या पिढीला हे मिळमिळीत वाटायचं. वाटू दे. घरातल्या लहानाने पेपर आधी ओढायला सुरुवात केली ती याच्यासाठी. एक मात्र खरं, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या आमच्या शहरात चिंटू वाढला असता, तर निम्म्या चौकटी बादल्यांनीच भरल्या असत्या.

साडेचार. शाळा सुटलेली पोरं. विकत घेत नाहीत, उभ्याने वाचतात. एकाला चिंटू ठाऊक, पण २०१२ च्या सिनेमातला. तो पेपरात यायचा, हे ऐकून त्याला गंमत वाटली. “रोज एवढंच? मग पुढचं?” “पुढचं उद्या.” त्याला काही ते पटलं नाही.

साडेसहा. एक ताई सातवीचं गाईड शोधत आल्या आणि वहीपाशी अडकल्या.

“काका, ही कशी दिली?”

“दोनशे.”

“रद्दीच आहे ना? किलोवर लावा.”

“किलोवर लावायची तर खिडक्यांचे पेपर घ्या, ते स्वस्त आहेत.”

त्या हसल्या, पण शंभराच्या वर काही येईनात. मधलं पान उघडून वाचायला लागल्या, तिथंच माझी बाजू पडली. एकशेवीसला दिली. गाईड विसरून गेल्या. पोऱ्याला मागे पिटाळलं.

साडेआठ. मराठी रद्दी बेचाळीस किलो. उद्या टेम्पो येणार आहे, सुतळी आणायचीय.